पहिल्या पंगतीचं जहाज

चेंदणी, ठाणे
बुधवार, १३ डिसेंबर १९९५

तीर्थस्वरूप आबांच्या चरणी महिपतचा नमस्कार, वहिनींनाही सांगावा. आम्ही इकडे सुखरूप आहोत. (गेल्या आठवड्यात विचारलं असतंत तर हे वाक्य मी लिहिलं नसतं.) तुमच्या गुडघ्याचं काय? मी पाठवलेलं तेल लावता की बाटली देव्हाऱ्यात ठेवून तिलाच नमस्कार करता? लावत नसाल तर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर परत धाडा, कारण इथे तुमच्या बहिणीची कंबर धरली आहे. ती जहाजावरच्या पलंगामुळे धरली. ते जहाज आणि त्यावर मी का नव्हतो, हे सगळं पुढे येणारच आहे, तेव्हा चहा घेऊन निवांत बसा.

कल्याणात बसून तुमच्या कानावर डोंबिवलीचं वारं नक्की आलं असेल की महिपतने आपल्या होणाऱ्या व्याह्यांना भर धक्क्यावर जहाजातून खाली उतरवलं. आबा, हे साफ खोटं आहे. व्याही स्वतःच्या पायांनी उतरले, आणि त्यांचा हात धरून मीही उतरलो. (खरं तर मी आधी उतरलो, पण यावर व्याह्यांचा आणि माझा अजून वाद आहे.) आमच्या मालूची आणि त्यांच्या रघूची सोयरीक तुम्ही जुळवलीत, साखरपुड्यात मध्ये तुम्ही बसलात, माघातली तारीखही तुम्हीच काढून आणलीत. उद्या काही वेडंवाकडं झालं असतं तर आधी तुमच्याच नावाने बोटं मोडली गेली असती. म्हणून पहिल्यापासून लिहितो.

साखरपुड्याला व्याही गुणाजीरावांनी आपल्याला जेवायला काय घातलं ते तुम्ही पाहिलंत. जिताड्याचा तो तुकडा ताटात मावत नव्हता. घरी आल्यापासून मला झोप नाही. वरपक्षाने एवढं केल्यावर मुलीच्या बापाने व्याहीभोजनाला काय वाढायचं? कोंबडीवड्यांवर भागण्यातलं हे नव्हतं. अशात खोपटच्या एसटी डेपोसमोर एका ट्रॅव्हल कंपनीच्या काचेवर मी चित्र पाहिलं. पांढरंशुभ्र जहाज, मुंबईहून गोव्याला जायचं आणि परत यायचं, वर खाणंपिणं, गाणं, राहायला खोल्या. मी तिथेच ठरवलं की आपलं व्याहीभोजन समुद्रात. घरी येऊन सांगितलं तर तुमची बहीण मंजुळा म्हणाली, “आपले आजेपणजे होडीत बसून पैसे आणायचे, तुम्ही पैसे देऊन होडीत बसा.” तिला माझा हिशेब कळला नव्हता. गुणाजीराव रुसण्यात किती पटाईत आहेत ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. सख्ख्या भावाच्या लग्नात नारळ बिनशेंडीचा मिळाला म्हणून ते जेवणावरून उठून घरी गेले होते म्हणे. आता भर समुद्रात रुसलेला माणूस उठून जाणार कुठे? याहून सुरक्षित व्याहीभोजन मला तरी सुचत नव्हतं.

चूक पुढे झाली, आणि तीही मान द्यायला गेलो म्हणून झाली. सहाच्या सहा तिकिटं माझ्या नावाने काढली असती तर काही घडलं नसतं. पण मला वाटलं, वरपक्षाची तिकिटं त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर, पोस्टमनच्या हातून गेलेली बरी. चार शेजारी विचारतील, त्यांना सांगता येईल. म्हणून आमची तिघांची वेगळी आणि त्यांची तिघांची वेगळी अशी मी नोंद केली. कंपनीच्या दृष्टीने आम्ही एकमेकांचे कोणी लागेनासे झालो. आणि झालं असं की आम्ही घेतलेल्या शनिवारच्या फेरीला कंपनीने जागांपेक्षा जास्त माणसं घेऊन ठेवली होती. मग त्यांनी काही प्रवाशांना पत्रं धाडली की बुवा, या शनिवारऐवजी पुढच्या शनिवारी याल का? आलात तर आभार म्हणून मोठी खिडकीवाली खोली देऊ आणि एकदा कप्तानाच्या टेबलावर जेवायला बसवू. असं एक पत्र डोंबिवलीला गेलं. ठाण्याला आलं नाही.

आता तुम्ही-मी शिकलेली माणसं. (मी वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, कंपन्यांची पत्रं मला नवी नाहीत.) आपण म्हटलं असतं, वा, फुकट खिडकी मिळाली. पण गुणाजीरावांनी ते पत्र रघूकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्यांना त्यात एकच गोष्ट दिसली. पहिली पंगत बसली आहे, पानं वाढली आहेत, आणि मुलाच्या बापाला कोणीतरी येऊन सांगतंय की पाहुणे जास्त झालेत, तुम्ही जरा उठा, दुसऱ्या पंगतीला बसा. बरं, मुलीचा बाप मात्र पहिल्या पंगतीत घट्ट मांडी घालून बसलेलाच! झालं. रघूने हे खोपटच्या बस स्टँडवर मालूला सांगितलं. (तो तिथेच डेपोत कामाला आहे, आणि आमच्या मालूच्या ऑफिसची बस हल्ली नेमकी त्याच्या सुट्टीच्या वेळेला येते. मी काही विचारत नाही.) मालू घरी आली ती रडवेली. म्हणाली, “बाबा, ते म्हणतायत सुपारी परत करतो.”

हातातला चहा खाली ठेवून मी डोंबिवली गाठली. तिथे व्याही ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि विहीणबाई सखुबाई मला डोळ्यांनीच सांगत होत्या की आज काही खरं नाही. मी पंधरा वेळा समजावलं असेल की हे कंपनीने केलं, मला माहीतही नव्हतं. ते भिंतीलाच बोलले. त्यांच्या स्वतःच्या दोन रेतीच्या होड्या आहेत हे तुम्ही जाणताच, त्यामुळे या विषयात त्यांना कोणी काही शिकवू शकत नाही. म्हणाले, “होरीन भार झाला त रेती टाकाची, का सोयरं टाकाचं?”  

मग मी त्या खोपटच्या दुकानातल्या पोराला धरलं. त्याचं नाव आनंदा. गळ्यात टाय, तोंडात पान. पोरगा मनाने फार चांगला, पण त्याला जगातली सगळी दुःखं ऑफर कमी पडल्यामुळे होतात असं वाटतं. म्हणाला, “काका, टेन्शन कायको लेते? तुमच्या व्याह्यांना लॉटरी लागलीय आणि ते रडतायत?” मी म्हटलं, बाबा, तूच चल आणि त्यांना सांग. तो आला. ओटीवर बसून त्याने मोठ्या खिडकीत आणखी फुलांचा गुच्छ घातला. व्याह्यांनी मान वळवली. त्याने फळांची टोपली घातली. व्याह्यांचा चेहरा आणखी काळवंडला. मग त्याने दुकानात फोन करून साहेबांची परवानगी काढली आणि कप्तानाबरोबर फोटो घालून टाकला, तोही फ्रेममध्ये. त्याबरोबर गुणाजीराव ताडकन उठले आणि म्हणाले, “यवरं देतान! मंजे आमी किती नको झालोत ते बगा!” आणि आत निघून गेले. आनंदा बिचारा चपला शोधत मला विचारायला लागला की काका, यांना नक्की काय पाहिजे. आता पाहुण्याला जितकं जास्त देऊन उठवावं तितका त्याचा अपमान मोठा, हे गळ्यात टाय बांधलेल्या माणसाला कुठल्या भाषेत सांगायचं?

शेवटी अक्कल चालली ती तुमच्या बहिणीची. ती म्हणाली, लग्नघरात यजमान कधी जेवतो? सगळ्यांच्या शेवटी. मग तुम्हीच उठा ना पहिल्या पंगतीतून. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी तडक आनंदाकडे गेलो आणि आमची तिन्ही तिकिटं पुढच्या शनिवारवर ढकलायला सांगितली. व्याही पहिल्या पंगतीला, मी दुसऱ्या. व्याहीभोजनाला यजमानच हजर नाही हे थोडं विचित्र होतं, पण सोयरीक वाचत होती. आनंदा आनंदाने खुर्चीतून उठला. जागा सोडणारा माणूस त्याला हवाच होता. त्याने मला मोठी खिडकी दिली, कप्तानाचं टेबल दिलं, गुच्छ दिला, टोपली दिली, फोटो फ्रेमसकट दिला. मी नको म्हणत होतो. (टोपलीला फारसं नको म्हटलं नाही.)

हे डोंबिवलीला कळलं. आणि व्याह्यांना एका झटक्यात उमगलं की खिडकी दुसऱ्या पंगतीला, कप्तान दुसऱ्या पंगतीला, फोटो दुसऱ्या पंगतीला. म्हणजे खरी मानाची पंगत दुसरीच! मुलीच्या बापाने गुपचूप ती पटकावली आणि आपल्याला पहिलीत बसवून ठेवलं. या खेपेला ते रुसून घरी बसले नाहीत, सरळ आनंदाच्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, मला पुढच्या शनिवारी पाठवा. आनंदाने वही उघडली आणि कपाळाला हात लावला. सगळ्यांना पुढच्या शनिवारचं आमिष दाखवून दाखवून पुढचा शनिवारही तुडुंब भरला होता. उलट तोच आता लोकांना विनवत होता की या शनिवारी मागे या! मला बोलावणं आलं. दुकानात एका बाकावर व्याही, दुसऱ्या बाकावर मी, आणि मध्ये आनंदा दोन फोन दोन कानांना लावून. संध्याकाळपर्यंत त्याने कुठून कुठून कोणाकोणाला हलवलं देव जाणे, पण आम्हा सहाही जणांना परत पहिल्याच शनिवारी, खिडकी, कप्तान आणि फ्रेमसकट बसवलं. त्याने दोघांच्याही पाया पडून सांगितलं की काका लोक, आता फिरू नका. व्याही प्रसन्न झाले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, महिपतराव, तुमच्या मनात काही नव्हतं, मी वळखलंय. मी घरी येऊन मारुतीला नारळ फोडला.

शनिवारी दुपारी आम्ही मुंबईच्या धक्क्यावर पोचलो. मालूने नवी साडी नेसली होती आणि रघूने बूट घातले होते, ते दोघं आपापल्या आयांच्या पलीकडून एकमेकांना दिसत नसल्यासारखे उभे होते. बायका चढल्या, पोरं चढली. आम्ही दोघं पुरुष, मोठी माणसं म्हणून शेवटी, शिडीच्या पहिल्या पायरीवर होतो. तेवढ्यात टोपीवाला एक माणूस कर्णा घेऊन आला आणि फार गोड आवाजात म्हणाला की क्षमा करा, अजून दोन माणसं जास्त आहेत, कोणी दोघं आपखुशीने पुढच्या फेरीला येतील का?

आबा, मी हात वर केला. देवाशपथ सांगतो, विचार करून केला नाही, आपोआप वर गेला. यजमानाने उठायचं हे आठवडाभर इतकं डोक्यात बसलं होतं. पण माझा हात वर जायच्या आत (माझ्या मते गेल्यावर) गुणाजीरावांचाही हात वर गेला. सोयऱ्याला धक्क्यावर ठेवून आपण जेवायला बसायचं, ही नामुष्की त्यांना मुलाचा बाप म्हणून सहन होणारी नव्हती. मी म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, तुम्ही बसा. मी त्यांची पिशवी शिडीवर ठेवली, त्यांनी माझी ट्रंक वर ढकलली. मी त्यांना खांद्याला धरून वर लोटलं, त्यांनी मला कमरेला धरून. मागे रांग खोळंबली. एक गुजराती गृहस्थ म्हणाले की भाऊ, जे काय करायचं ते बाजूला जाऊन करा, म्हणून आम्ही खाली उतरून बाजूला गेलो. टोपीवाल्याला दोन माणसं हवी होती, त्याला दोन मिळाली. त्याने आमचे दोघांचे हात हातात घेतले, आभार मानले आणि शिडी काढली.

जहाज सुटलं. कठड्याशी चौघं उभी. विहीणबाईंनी कपाळावर हात मारलेला धक्क्यावरून दिसत होता. मंजुळा ओरडून सांगत होती की कुकरला तीन शिट्या करा आणि गॅस बंद करा. मालू हसत होती. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती पोट धरून हसत होती, आणि शेजारी रघूही हसत होता, आणि या खेपेला मध्ये कोणाची आई नव्हती. ते बघून माझं मन भरून आलं. मी हात हलवत राहिलो. शेजारी व्याहीही हलवत होते.

व्याह्यांच्या घराची किल्ली विहीणबाईंच्या कमरेला, म्हणजे गोव्याच्या वाटेवर. तेव्हा त्यांना मी आमच्या घरी आणलं. मुलीच्या घरचं पाणी लग्नाआधी पिणार नाही वगैरे म्हणतील असं वाटलं होतं, पण भूक फार लागली होती. मला स्वयंपाकात कुकरपलीकडे गती नाही. तेच उठले, बाजारातून निवटी मासे घेऊन आले, माझ्या ओट्यावर उभं राहून त्यांनी कालवण केलं. ताटं काढायचा कंटाळा म्हणून आम्ही टोपातूनच, जमिनीवर बसून, दोघं एकदम जेवलो. पहिली पंगत कोणाची हा प्रश्नच आला नाही. जेवता जेवता त्यांनी त्यांच्या तुळसाची गोष्ट काढली. तुळसा म्हणजे त्यांची थोरली, उरणला दिलेली. म्हणाले, “पोर दिली का घरान आवाजच रहत नाय.” मग म्हणाले की लोक मला रुसका म्हणतात ते मला माहीत आहे, पण रुसलो की समजूत काढायला कोणीतरी घरी येतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, टोपाकडे पाहिलं. त्यानंतर जहाज परत येईपर्यंत आम्ही दोघं फार गुण्यागोविंदाने राहिलो. सोयरीक आता इतकी पक्की झाली आहे की तुम्ही-आम्ही मोडतो म्हटलं तरी मोडायची नाही. तुम्ही जुळवलेलं फळाला आलं, याबद्दल तुमचे उपकार कसे फेडू?

बाकी विशेष नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद सांगा. गुडघा जपा.

तुमचा
महिपत

ता. क. – बायका कप्तानाच्या टेबलावर आमच्याही वाटणीचं जेवल्या. विहीणबाईंनी कप्तानाला सांगितलं की तुमच्या सुरमईला मीठ नीट लागलेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मंजुळाने आत जाऊन ते लावून दाखवलं. फ्रेममधल्या फोटोत कप्तान या दोघींच्या मध्ये घाबरून उभा आहे.

ता. क. २ – आबा, खरं काम आता लिहितो. लग्नाची माघातली तारीख बदलून वैशाखातली घ्याल का? सोयरीक मोडायची नाही, भलतं मनात आणू नका, फक्त पुढची फेरी द्या. या जहाजाच्या निमित्ताने मालूबरोबर दोन दिवस बसायला मिळतील असं मनात होतं, ते राहिलंच. ऑफिसातून आल्या आल्या ती दारातूनच “बाबा, चहा” म्हणून ओरडते, आणि मी करतो. गुणाजीराव ते आवाजाचं बोलल्यापासून मला काही सुचत नाही. मला तिला इतक्यात द्यायची नाही, आबा. हे मंजुळाला सांगता येत नाही, ती मला हसेल, आणि मग स्वतः रडत बसेल. तुम्ही डोंबिवलीला जा आणि त्यांना पटवा. माझं नाव घेऊ नका, गुरुबळाचं वगैरे काहीतरी सांगा. माघ सोडला तर मोठा हॉल देईन, बँड देईन, मानपान म्हणतील तसा. वैशाखात जमत नसेल तर त्याच्याही पुढची चालेल, तिथे मी अजिबात ताणून धरणार नाही.

ता. क. ३ – आबामामा, मी मालू. बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं, डिंकही नीट लावला नव्हता. तारीख माघातलीच राहू द्या. पण बाबांना कळवा की तुम्ही डोंबिवलीला दोनदा गेलात, खूप हातापाया पडलात, तरी ते ऐकेनात. म्हणजे त्यांना बरं वाटेल. आणि एक. जहाजावर मी आणि रघूने ठरवलंय की लग्नानंतर खोली ठाण्यातच घ्यायची, चेंदणीच्या जवळ. त्याची पहाटेची ड्यूटी असते हे एक कारण आहे आणि दुसरं तुम्ही वर वाचलंच आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही, कारण त्यांच्या पोटात राहणार नाही. रघूच्या बाबांना मात्र सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगा. माझी हिंमत नाही, रघूची तर नाहीच नाही.